एकटीला उचलता येईल असा डोंगा

आमच्याकडे गाडी उन्हात उभी असते आणि नावा सावलीत. नागपुरात प्रतापनगरात घर, लहानसा पोर्च, बाजूला कंपाउंडला लागून बोळ. बोळात दोघांनी वल्हवायचा सोळा फुटी फायबरचा कॅनू, पोर्चमध्ये भिंतीशी उभा केलेला प्लास्टिकचा कयाक आणि दिवाणाखाली गुंडाळलेली हवा भरायची नाव. चौथी आणायची म्हटल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता एखादी नदी पण आणून ठेवा घरी."

तरी चौथी आली. एकट्यापुरती, लहान. ती निवडताना माझं एक वर्ष गेलं आणि पाच हजार रुपये बुडाले, म्हणून हे लिहिते. कॅनूला मराठी शब्द शोधायची विदर्भात तरी गरज नाही. आपल्याकडचे ढिवर ज्यात बसून जाळं टाकतात, तो डोंगा. मी पुढे डोंगाच म्हणणार आहे.

आहेत त्या नावा कोणत्या दिवशी घरी राहतात?

हा प्रश्न आधी. माझा तो दिवस म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार. मी बँकेत आहे, त्या दोन शनिवारी मला सुट्टी आणि ह्यांचं कॉलेज सुरू. शिवाय दोन वर्षांपासून ह्यांचा उजवा खांदा धरलाय. सोळा फुटी डोंगा ३४ किलोचा. मला एकटीला तो गाडीवर चढत नाही. कयाक २७ किलोचा. तो चढतो, पण चढवून झाल्यावर वल्हवायला अंगात जीव उरत नाही. हवेची नाव हलकी आहे, पण वारा आला की फुग्यासारखी वाहते, आणि पंप मारून होईस्तोवर सूर्य डोक्यावर. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे परत फिरायची वेळ.

म्हणून वहीत एक ओळ लिहिली: एक माणूस, एक सकाळ, लहान तलाव, दुसऱ्याचा हात लागायला नको. या ओळीने पुढचे बरेच मोह टाळले. "कधीमधी भाचीलाही बसवू" असं मनात आलं की डोंगा तेरा फुटांचा होतो. "गोसेखुर्दला मुक्कामाला जाऊ" म्हटलं की चौदाचा. त्या कामाची नाव बोळात पडलेलीच आहे, ती वाढवून पुन्हा विकत कशाला घ्यायची?

पैसे खर्च करण्याआधी एक युक्ती करून पाहा. दोघांचा डोंगा असेल आणि त्याची दोन्ही टोकं सारखी असतील, तर पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसा. पुढची सीट मागच्यापेक्षा मध्याच्या जवळ असते, त्यामुळे उलटं बसलं की तुम्ही जवळपास एकट्याच्या जागेवर येता. समोरच्या लांब टोकात पाण्याने भरलेली कॅन ठेवा, म्हणजे ते टोक हवेत राहणार नाही. मी एक अख्खा हिवाळा असं वल्हवलं. एकट्याने जायला आवडतं की नाही, हे फुकटात कळलं. दुसरं हेही कळलं, की दोघांसाठी केलेली नाव एका माणसाच्या वजनाने पाण्यात पुरेशी बसतच नाही. ती वर तरंगते आणि वारा तिला हवी तशी फिरवतो.

वजन, तेही गाळातलं

आता मुद्द्याचं. बाकी सगळं नंतर, आधी वजन.

भंडारा-गोंदियाकडचे आणि रामटेक-मौद्याच्या बाजूचे जुने तलाव बहुतेक मालगुजारी, म्हणजे एकेकाळी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले. त्यातले कित्येक कोहळी समाजाने बांधलेले, एका अंगाला मातीची पाळ आणि दुसऱ्या अंगाला हळूहळू चढत गेलेली जमीन. दिवाळीच्या सुमाराला पाणी काठोकाठ असतं. गाडीतून उतरवला की दहा पावलांत डोंगा पाण्यात. मग धानाला पाणी सुटतं, उन्हाने आटतं, आणि तलाव आत आत सरकत जातो. मे महिन्यात तेच अंतर दोनशे पावलं होतं आणि त्यातली शेवटची तीस पोटरीभर गाळातून. दुकानाच्या फरशीवर जो डोंगा हलका वाटतो तो इथे भारी पडतो.

माझी परीक्षा अशी. तांदळाची २५ किलोची चुंगडी खांद्यावर घेऊन गच्चीचा जिना चढा आणि उतरा. धाप लागली तर पाच किलो काढा, पुन्हा चढा. जे वजन बोलत बोलत नेता येईल त्यातून आणखी दोन किलो वजा करा, कारण चुंगडीला वारा ढकलत नाही, डोंग्याला ढकलतो. माझा आकडा आला १८. हा आकडा ठरला की बाजारातल्या निम्म्याहून अधिक नावा आपोआप गळतात. गळू द्या.

लांबी गाडीवर मोजा. माझी वॅगनआर ३ मीटर ६५ सेंटिमीटर लांब आहे. अकरा फुटी डोंगा म्हणजे साधारण ३ मीटर ३५, छपरावर पुढेमागे कुठेच बाहेर येत नाही. चढवताना मागच्या बाजूने चढवायचा: जुनी गोधडी छपराच्या मागच्या कडेवर टाकायची, डोंग्याचं एक टोक तिच्यावर टेकवायचं, मग दुसरं टोक उचलून पुढे सरकवायचं. एका वेळी निम्मंच वजन हातात येतं. छपरावर किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते बघून घ्या.

पट्टे बांधताना एक सावधगिरी. प्लास्टिकची नाव मे महिन्याच्या दुपारी करकचून बांधली तर ऊन आणि पट्टा मिळून तिच्या बुडात खळ्या पाडतात. माझ्या कयाकला दोन आहेत. गरम पाणी ओतून आतून दाबलं, एक भरून आली, दुसरी अजून हसते आहे.

स्वतःचं वजन खरं सांगा

"क्षमता १५० किलो" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या भारानेही कडा पाण्यापासून ठरावीक उंचीवर राहते. बऱ्याच ठिकाणी ही उंची सहा इंच धरतात. म्हणजे १५० ही हद्द झाली, त्या वजनात चालवायला मजा येईल असं नाही. तुमचा एकूण भार त्या आकड्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत आला, तर डोंगा तुमच्या मापाचा.

घरबसल्या एक हिशेब करता येतो. पाण्याला टेकलेली लांबी गुणिले पाण्याजवळची रुंदी, त्याचे साधारण दोन तृतीयांश, कारण टोकं निमुळती असतात. माझ्या डोंग्याचं ३.२ मीटर गुणिले ०.६८, म्हणजे २.१८ आणि त्यातले दोन तृतीयांश जवळपास १.४५ चौरस मीटर. एक सेंटिमीटर खोल जायला साडेचौदा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे दर साडेचौदा किलोला एक सेंटिमीटर. मी ६८ किलोची, पाणी-डबा-दोर मिळून सहा. उद्या दहा किलो आणखी घेतले तरी सेंटिमीटरभरही फरक पडत नाही. पण हाच डोंगा ९५ किलोच्या माणसाने घेतला, तर त्याची कडा माझ्यापेक्षा जवळपास दोन सेंटिमीटर खाली जाईल आणि छोट्या लाटेलाही त्याची मांडी ओली होईल.

परदेशी लोकांच्या लहान डोंग्यांच्या गप्पांत 'सेअरी गँप'चं नाव हमखास निघतं. १८८३ साली अमेरिकेत जे. हेन्री रश्टन या कारागिराने जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्ससाठी तो बांधला. नऊ फूट लांब आणि वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो. तो घेऊन सिअर्स ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तलावांतून अडीचशेहून जास्त मैल हिंडला. वाचून मलाही तोच हवासा झाला होता. पण सिअर्स सव्वापाच फुटांचा आणि जेमतेम पन्नास किलोचा माणूस होता. कुणाचा डोंगा आवडला की आधी त्यात कोण बसलं होतं ते विचारा.

परात, तवा, कढई

डोंग्याचं बूड तीन प्रकारचं समजा. परातीसारखं सपाट असेल तर पाय ठेवताच स्थिर वाटतं, पण लाटेबरोबर तेही तिरपं होतं आणि एका हद्दीपलीकडे अचानक कलतं. कढईसारखं गोल वेगाला छान, पण पहिल्या दिवशी रडवतं. तव्यासारखं किंचित फुगीर हवं. बसल्यावर थोडं डुलतं, मग एका कलावर टेकून राहतं. दुकानात परात घ्यावीशी वाटते, आणि पहिली नाव असेल तर घ्या खुशाल. पण ज्यांच्याकडे आधीच नावा आहेत त्यांचं अंग डुलण्याला सरावलेलं असतं. त्यांनी तवा घ्यावा.

रुंदी मधोमध ७० ते ७५ सेंटिमीटर. त्याहून रुंद झाला की दुहेरी, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने बोटं कडेवर आपटतात आणि लांब वल्हं घ्यावं लागतं. लहान डोंग्याला मी दुहेरीच सुचवीन, २४० सेंटिमीटरच्या आसपास. एकेरी वल्ह्याने अकरा फुटी नाव दर फटक्याला नाक फिरवते आणि ते सरळ करण्यात निम्मी ताकद जाते. दुहेरीचं पाणी मांडीवर ठिबकतं हे खरं. एप्रिलमध्ये त्याची तक्रार कोण करतंय? जानेवारीत मात्र गुडघ्यांवर रेक्झिन टाकते.

बुडाची रेषा बाजूने बघा. दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचललेली असतील तर नाव पटकन वळते, ते वाहत्या नदीतल्या दगडांसाठी. तलावाला जवळपास सरळ रेषा हवी, टोकाशी किंचित उचल पुरे. तेवढ्याने बेशरमाच्या झुडपांतून वळता येतं.

वेगाची काळजी सोडा. लांबीवरून निघणारी वेगाची मर्यादा अकरा फुटीला ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येते, सोळा फुटीला पावणेदहा. मी पाचाने जाते, बगळे बघत.

सीटवर मात्र थांबा. लहान डोंग्यात सीट जितकी खाली तितकी नाव स्थिर, म्हणून बरेच जण तळावरच बसतात. माझे गुडघे चोपन्न वर्षांचे आहेत. तळावर बसेन, पण उठवायला ढिवर बोलवावा लागेल. घरीच बघायचं असेल तर जेवायचा पाट घ्या, भिंतीला पाठ टेका, पाय समोर पसरा आणि पाऊण तास बसा. पाय बधिर झाले तर दुसरा पाट वर ठेवा. मला दोन पाट लागले, साधारण चार इंच. त्याहून वर गेले असते तर रुंदी वाढवावी लागली असती, रुंदी वाढली की वजन. असं सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, म्हणून १८ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवायचा.

वाऱ्यासाठी एकच बघा: टोकं किती उंच आहेत. फोटोत उंच टोकांचा डोंगा देखणा दिसतो, पण खिंडसीसारख्या मोकळ्या पाण्यावर ती टोकं म्हणजे शिडंच. माझ्या डोंग्याकडे पाहून काठावरचा एक ढिवर पहिल्या दिवशी म्हणाला, "वारा सुटला त पानावानी उडून जाईन हे." त्याचं बरोबर आहे. मेच्या दुपारी आभाळ काळवंडलं की मी पाण्यात नसते.

कशाचा घ्यावा, आणि माझे पाच हजार

जुन्या परदेशी सल्ल्यांत "रॉयलेक्सचा घ्या" असं सर्रास लिहिलेलं सापडेल. रॉयलेक्स म्हणजे थराथरांचं एक प्लास्टिक. त्या मालाचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, तो नाद सोडा. प्लास्टिकचा डोंगा दणकट, दगडावर घासला तरी चालतो, पण अकरा-बारा फुटांत बहुधा वीस किलोच्या वर जातो. तुमचा चुंगडीचा आकडा २३ असेल तर तोच घ्या आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

मी आधी फायबरचा बनवून घ्यायला गेले. कारखानदाराने १८ किलो सांगितलं, पाच हजार आगाऊ घेतले. दोन महिन्यांनी बघायला गेले तर २६. "मजबूत करून दिला, मॅडम. दोन थर जास्त मारले." त्याला वाटलं मी खूश होईन. पैसे सोडून आले. तेव्हा फायबरची ऑर्डर देताना थर किती, कापड किती ग्रॅमचं आणि वजन कमाल किती, हे कागदावर लिहून घ्या, आणि घ्यायला जाताना लटकता काटा घरून न्या.

शेवटी सुताराला हाताशी धरून प्लायचा बनवला. चार मिलिमीटरचे मरीन प्लायचे दोन शीट, आठ बाय चारचे, लकडगंजातून. शीट आठ फुटांचं, डोंगा अकराचा, म्हणून जोड द्यावा लागतो. तो मध्यावर नको, मध्यापासून दूर घ्या. शिक्का आयएस ७१० चा हवा. त्या मानकात प्लायला ७२ तास उकळून पाहतात. मी दोन दुकानांतून तळहाताएवढे तुकडे आणले आणि कुकरमध्ये शिजवले. दोन्हींवर तोच शिक्का. एकाचे पापुद्रे सुटले, दुसरा तसाच. कुकर त्या दिवसापासून डोंग्याचा झाला, नवा घ्यावा लागला. तो खर्चही धरा.

पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यात इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारी राळ) आणि लाकडाचा भुसा भरायचा, तारा काढून वरून फायबरचं पातळ कापड चढवायचं. कृती इथे पूर्ण देत नाही, पण हंगाम सांगते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याच्या दमटपणात इपॉक्सीवर चिकट साय धरते, आणि उन्हाळ्यात ते भांड्यातच तापून धूर सोडतं. थोडं थोडं कालवा. बाहेरचा रंग पांढरा द्या. गडद रंग आपल्याकडच्या ४५ अंशांत इतका तापतो की आतलं इपॉक्सी मऊ पडतं. कडेला सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडच्या सागवानाची बारीक पट्टी लावली; मोह होतो जाड लावायचा, पण दोन्ही बाजू मिळून किलोभराच्या वर जाऊ नका. पूर्ण झाल्यावर काटा म्हणाला १७ किलो २००. सुताराने पेढे मागितले.

घ्यायच्या आधी पाण्यात

गालिच्यावर बसून नाव कळत नाही. विकणाऱ्याला पाण्यावर दाखवायला सांगा. तो तयार नसेल तर नमस्कार. काटोलकडे ओळखीच्या संत्र्याच्या बागेतलं शेततळं सोपं वाटतं, पण प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. काठावर दोर बांधलेला आणि माणूस उभा असल्याशिवाय त्यात उतरू नका. मालगुजारी तलाव बरा, पण तो बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी विचारा, जाळी कुठे लावलीत ते समजून घ्या. गोरेवाडा, पेंच असल्या ठिकाणी परवानगीशिवाय डोंगा गाडीवरून काढायचाही नाही.

पाण्यात गेल्यावर लाइफ जॅकेट घालून, काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात या गोष्टी करा. दहा जोरदार फटके मारा आणि वल्हं उचला: नाव सरळ राहते की गोल फिरते? मागे वळून बॅग घ्या. एका अंगावर कला, कडा पाण्याला चार बोटं उरेपर्यंत. मग मुद्दाम उलटवा. हे बहुतेक जण टाळतात. पाणी भरलेला डोंगा तुम्हाला धरून तरंगला पाहिजे. नसेल तरंगत तर दोन्ही टोकांत हवा भरलेल्या ट्यूबा घट्ट बांधा. खोल पाण्यात पुन्हा आत चढणं मला आजही जमत नाही, चारदा प्रयत्न केला. म्हणून मी पोहून गाठता येईल एवढ्याच अंतरावर काठाने जाते. पाणी उपसायला तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं बूड तिरपं कापून दोरीने बांधलंय. त्याच्याइतकं चांगलं काही विकत मिळत नाही.

सीट कायमची बसवायची घाई करू नका. मध्यापासून थोडी मागे, नुसती ठेवून द्या, वर बसा आणि काठावरच्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. आपल्याला आतून कळत नाही. मला वाटत होतं सगळं समपातळीत आहे. तोच ढिवर विडी विझवून पाळीवरून ओरडला, "ताई, मांगून दबते तुमचा डोंगा. मूठभर पुढं सरका जी." मूठभर सरकले, नाव सरळ झाली. पेन्सिलीने तिथे खूण केली आणि घरी आल्यावर त्याच खुणेवर स्क्रू मारले.